गोव्यात घर-जमीन: दलालाकडून कोणतं काम घ्यावं आणि पैसे केव्हा द्यावेत

गोव्यात जागा दाखवणारा माणूस शोधावा लागत नाही. बारदेश तालुक्यातल्या कुठल्याही गावात दोन जणांना विचारा, "इथं एखादं भाट (बागेची जमीन) विकायला आहे का?" संध्याकाळपर्यंत फोन येतो. टॅक्सीवाला, हार्डवेअरवाला, माजी पंच, स्कूटर भाड्यानं देणारा, प्रत्येकाकडे एखादं 'टायटल क्लिअर' घर असतंच. जागा मिळते. अडतं ते सह्यांपाशी.

जुन्या घराच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असतं. आजोबांची मुलं पणजीत, मुंबईत, आखातात, लिस्बनमध्ये. त्यातले काही वारलेले, त्यांची मुलं वेगळीच. शिवाय प्रत्येकाचा नवरा किंवा बायको. या सगळ्यांना शोधणं, एका भावावर आणणं आणि एका तारखेला सब-रजिस्ट्रारसमोर उभं करणं हे इथल्या चांगल्या दलालाचं खरं काम. तो दोन टक्के घेतो ते या कामासाठी घेत असेल तर पैसे वसूल. गाडीत बसवून जागा दाखवण्यापुरते घेत असेल तर महाग. पुढचं सगळं हा हिशेब डोक्यात ठेवून वाचा.

पहिलं काम: समोरचा दलाल कोणाचा आहे ते ओळखा

पहिल्याच भेटीत विचारा, "तुम्हाला पैसे कोण देणार?" यात अवघडण्यासारखं काही नाही. धंद्यातला माणूस सरळ उत्तर देतो.

बिल्डरच्या प्रकल्पातले फ्लॅट विकणाऱ्याला कमिशन बिल्डर देतो. तो तुमच्याकडून घेत नाही म्हणून फुकट वाटतो, पण तो बिल्डरचा माणूस आहे आणि भाव पाडून देण्यात त्याला रस नाही. गावातला दलाल बहुधा दोन्ही बाजूंकडून घेतो. गोव्यात साधारण बोली प्रत्येक बाजूकडून दोन टक्क्यांची असते. मोठ्या जमिनीत ती कमी होते, लहान व्यवहारात ठोक रक्कम ठरते. कायद्यानं ठरवून दिलेला दर नाही, त्यामुळे "सरकारी रेट आहे" असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या. तिसरा प्रकार आसगाव, शिवोली, हणजूण भागात वाढला आहे: दिल्ली-मुंबईच्या गिऱ्हाइकांना व्हिला दाखवणारे 'कन्सल्टंट'. यांचे फोटो उत्तम असतात. मालकाशी यांची ओळख मात्र अनेकदा नसतेच, मध्ये गावातले दोन-तीन जण असतात.

त्या मधल्या साखळीचा त्रास मोठा. एकाच घराचा तोच फोटो चार भावांनी चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतो आणि प्रत्येक कडी आपला वाटा वर चढवते. ओळखायचं कसं? "माझ्यासमोर मालकाला एक फोन लावा, बोलणी करत नाही, नुसती ओळख" असं म्हणा. "ओनर बाहेरगावी आहे" हे उत्तर दोनदा आलं की समजा, ओनर यालाही माहीत नाही. यात त्याचीही एक रास्त भीती असते. मालकाशी ओळख करून दिली आणि गिऱ्हाईक परस्पर गेलं तर तो हात चोळत बसतो, आणि गोव्यात हे सर्रास होतं. म्हणून फोन लावण्याआधी एका ओळीचं लिहून द्या: 'ही मालमत्ता मला अमुक यांनी दाखवली, व्यवहार झाल्यास त्यांना डावलणार नाही.' त्यानं तो मोकळेपणानं बोलू लागतो.

दुसरं: रेरा नोंदणी कुठं लागते, कुठं लागत नाही

रेरा म्हणजे स्थावर संपदा कायदा, २०१६ चा. त्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातला भूखंड, फ्लॅट किंवा बंगला विकायला मदत करणाऱ्या दलालाची स्वतःची रेरा नोंदणी हवी, आणि प्रत्येक व्यवहारात तो क्रमांक नमूद करायला हवा. नसेल तर कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपये दंड होऊ शकतो. तो वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो. गोवा रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प आणि एजंट दोघांची यादी आहे. क्रमांक घ्या, स्वतः टाकून बघा, नाव जुळतं का आणि मुदत शिल्लक आहे का ते पाहा.

जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा सदनिका आठच्या आत असतील तर प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. गोव्यात पाच-सहा व्हिलांचे छोटे प्रकल्प भरपूर, ते या सुटीत बसवलेले असतात. जुनं घर, भाट, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा फ्लॅट हेही रेराच्या चौकटीबाहेर. म्हणजे तुम्ही हळदोण्याला जुनं घर घेत असाल तर दलालाचा रेरा क्रमांक हा त्याच्या गांभीर्याचा पुरावा म्हणून चांगला, पण त्या व्यवहारात रेरा तुमच्या मदतीला येईल असं धरू नका. तिथं तुमचा आधार म्हणजे तुम्ही स्वतः लिहून घेतलेला कागद.

नव्या प्रकल्पात दोन गोष्टी दलालाला विचारूनच घ्या. एक, कार्पेट एरिया (घरातली वापरायची जागा) किती? जाहिरातीत सुपर बिल्ट-अपचे, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरलेले मीटर असतात. दोन, करार केव्हा? कलम १३ प्रमाणे बिल्डरला नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "आधी पंचवीस टक्के भरा, मग अ‍ॅग्रीमेंट" असं एजंट सांगत असेल तर तो बिल्डरला कायदा मोडायला मदत करतो आहे.

तिसरं: दलालीचं पत्र

तोंडी बोलीवर गोव्यातले निम्मे तंटे उभे आहेत असं मला वाटतं. पान भरेल एवढं पत्र पुरे. वकिलाची भाषा नको. मी असं लिहीन:

'अमुक गावातील सर्व्हे क्रमांक अमुक, सब-डिव्हिजन अमुक ही मालमत्ता श्री. अमुक यांनी मला दाखवली. विक्रीखताची नोंदणी झाल्यास प्रत्यक्ष ठरलेल्या किमतीच्या दोन टक्के दलाली मी देईन. पैकी एक हिस्सा नोंदणीकृत विक्री कराराच्या दिवशी, मोठा हिस्सा विक्रीखताच्या दिवशी आणि उरलेला म्युटेशन (उताऱ्यावरचा फेरफार) झाल्यावर. व्यवहार मालकीच्या दोषामुळे मोडल्यास दलाली देय नाही. ते दुसऱ्या बाजूकडून किती घेणार आहेत हे त्यांनी मला सांगितले आहे: अमुक टक्के. या रकमेत इतर सर्व मध्यस्थांचा वाटा धरला आहे.'

शेवटची ओळ विसरू नका. नाहीतर विक्रीखताच्या दिवशी कचेरीच्या जिन्यात दोन अनोळखी चेहरे उभे राहतात: "घर तर आम्ही दाखवलेलं."

जीएसटीचंही आधीच बोलून घ्या. दलाल जीएसटी नोंदणीकृत असेल तर दलालीवर १८ टक्के वर लागतात. ८० लाखांच्या घरावर दोन टक्के म्हणजे १,६०,०००, त्यावर २८,८०० कर, एकूण १,८८,८००. नोंदणी नसलेला माणूस जीएसटी मागू शकत नाही. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. विकणाऱ्याला तर ही पावती हवीच, कारण भांडवली नफा काढताना विक्रीसाठी दिलेली दलाली खर्च म्हणून वजा होते.

चौथं: जागा पाहायला जाताना

पावसाळ्यात एकदा जा, आणि एप्रिलात एकदा. जुलैत पाणी कुठं तुंबतं ते दिसतं, एप्रिलात विहीर बोलते. दलाल तुम्हाला डिसेंबरात संध्याकाळी पाचला नेतो, तेव्हा गोव्यातली कुठलीही जागा सुंदर दिसते.

वाट कोणाची ते बघा. घरापर्यंत आलेली पायवाट शेजाऱ्याच्या भाटातून जाते का, सर्व्हेच्या नकाशावर ती आखलेली आहे का? रस्त्याच्या रुंदीवर बांधकामाची परवानगी आणि किती बांधता येईल हे ठरतं, त्यामुळे "इथं सहा मीटर रस्ता येणार आहे" हे वाक्य ऐकल्यावर आजचा रस्ता टेपनं मोजा. आवारात दुसरं छोटं घर असेल, तुळस असेल, कपडे वाळत असतील, तर ते कोणाचं हे दलालाला नव्हे, त्या घरातल्या माणसाला जाऊन विचारा. उत्तर "आमी मुंडकार" असं आलं तर घाई सोडा.

मुंडकार कायदा १९७५ चा. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत त्याच्या संमतीनं घर करून राहणारा. त्याला सहजी हुसकावता येत नाही, आणि राहतं घर व त्याखालची जमीन विकत घेण्याचा त्याचा हक्क आहे: पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटर, शहरी भागात २००. दलाल म्हणेल, "त्याला थोडे पैसे देऊन उठवू." असं उठवणं कायद्यात बसत नाही, गावात तर मुळीच बसत नाही. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे मुंडकाराचा वाटा आधी मोजून, वेगळा करून, त्याच्या नावे करणं आणि उरलेली जमीन घेणं. हे मामलेदाराकडचं काम चिकाटीनं करून घेणारा दलाल मिळाला तर त्याला दोन टक्के आनंदानं द्या.

पाचवं: कागद. इथं घाई नको

दलाल मोबाइलवर एक-चौदाचा उतारा पाठवतो. म्हणजे फॉर्म १ आणि १४, महाराष्ट्रातल्या सात-बाराचा गोव्यातला भाऊ. तो तुम्ही स्वतः ऑनलाइन काढा, कारण पाठवलेला उतारा चार वर्षांपूर्वीचा असू शकतो. मग वरून खाली सावकाश वाचा.

वर तालुका, गाव, सर्व्हे क्रमांक, सब-डिव्हिजन आणि शेताचं नाव. खाली क्षेत्रफळाचे रकाने: जिरायत, बागायत, भात, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेती), केर, मोरड, आणि पोटखराबा. भाताच्या किंवा खाजनाच्या रकान्यात आकडा दिसला तर तिथंच थांबा. २०२३ च्या कायद्यानं भातशेती शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी केली आहे. दलालानं कितीही 'फार्म हाउस' म्हटलं तरी शेत ते शेत.

मग कब्जेदारांची नावं. प्रत्येक नावासमोर म्युटेशन क्रमांक असतो. अलीकडच्या म्युटेशनची मूळ फाइल मामलेदार कचेरीत काढून बघा. वारसा कशावरून लावला, विक्रीखत कोणतं, हरकत कोणी घेतली होती का. विकणाऱ्याचं नाव गेल्या वर्षीच चढलं असेल आणि आधीचं नाव १९७०च्या दशकातल्या सर्व्हेपासूनचं असेल, तर मधल्या उडीचं कारण मिळाल्याशिवाय टोकन देऊ नका.

त्यानंतर कुळाचा रकाना. तो रिकामा हवा. तिथं नाव असेल तर १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची पाचवी दुरुस्ती आड येते. कूळच त्या जमिनीचं मालक मानलं गेलं असण्याची शक्यता असते, आणि विकणारा भाटकार जे विकतो आहे ते त्याचं उरलेलंच नसतं. शेवटी इतर हक्क. मुंडकार, वाट, बँकेचा बोजा इथं सापडतात. शहरात एक-चौदाऐवजी फॉर्म डी, आणि सर्व्हे क्रमांकाऐवजी पी. टी. शीट आणि चलता क्रमांक.

एवढं करूनही उतारा म्हणजे मालकी नव्हे. तो महसुली नोंद आहे. नोंद खरी मानली जाते, पण उलट पुरावा येईपर्यंतच. घरपट्टीची पावती तर त्याहून कमी: पंचायत कर घेते म्हणजे घर कायदेशीर आहे असंही नाही आणि तुमचं आहे असंही नाही. मालकी दिसते ती जुन्या दस्तांतून. पोर्तुगीज काळातलं 'दिस्क्रिसांव' (मालमत्तेचं वर्णन) आणि 'इन्स्क्रिसांव' (मालकाची नोंद), मात्रिज (कराची नोंद), न्यायालयातल्या वाटणीचं इन्व्हेंतार, त्यानंतरची विक्रीखतं. ही साखळी आजपर्यंत अखंड जुळली पाहिजे आणि जुन्या वर्णनातल्या चतुःसीमा आजच्या सर्व्हे क्रमांकाशी जुळल्या पाहिजेत. हे वाचणं वकिलाचं काम आहे, आणि तो वकील दलालानं सुचवलेला नको. दलाल "आमचा अ‍ॅडव्होकेट सगळं बघतो" म्हणतो तेव्हा तो वकील व्यवहार व्हावा म्हणून बसलेला असतो.

जुन्या दस्ताची झेरॉक्स तर मुळीच धरू नका. जून २०२२ मध्ये जमीन हडप प्रकरणांसाठी गोवा सरकारला पोलिसांचं विशेष तपास पथक नेमावं लागलं, मागोमाग निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग. परदेशी गेलेल्या किंवा वारलेल्या मालकांच्या जागा, बनावट जुने दस्त, त्यावरून लावलेली म्युटेशनं अशी ती गोष्ट. म्हणून पणजीच्या पुराभिलेख खात्यातून किंवा सब-रजिस्ट्रारकडून प्रमाणित प्रत स्वतः काढा आणि दलालानं दिलेल्या कागदाशी ओळ न् ओळ ताडून पाहा. बोजा नसल्याचा दाखलाही सब-रजिस्ट्रारकडेच मिळतो.

सह्यांची यादी

ही यादी दलालाकडून लेखी मागा. गोव्याबाहेरून आलेला खरीददार इथंच फसतो, कारण त्याला वाटतं, उताऱ्यावर नाव नवऱ्याचं म्हणजे सही नवऱ्याची. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला नियम असा की लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी अर्धं बायकोचं. तिची सही नसेल तर व्यवहार लंगडा. मुलीलाही मुलाइतकाच वारसा, आणि मुलीची सही म्हणजे जावयाचीही सही. मृत्युपत्र असलं तरी माणूस साधारण अर्ध्या मालमत्तेचीच मनाप्रमाणे विल्हेवाट लावू शकतो. उरलेला अर्धा हक्काच्या वारसांचा. "सगळं मला लिहून दिलंय बाबांनी" हे ऐकलं की मान डोलवा आणि भावंडांची नावं विचारा. वारसांची नावं आता २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विशेष नोटरीकडच्या वारसा दस्तातून किंवा न्यायालयातल्या इन्व्हेंतारातून पक्की होतात. त्या दस्तातली नावं आणि दलालाची यादी जुळली पाहिजेत, जोडीदारांसकट.

परदेशातला वारस मुखत्यारपत्र पाठवतो. ते तिथल्या भारतीय दूतावासातून किंवा अपोस्टिल (दस्त खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का) होऊन आलेलं हवं, त्यात हीच मालमत्ता आणि विकण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा, आणि देणारा आज जिवंत हवा. व्हिडिओ कॉल लावून त्याच्याशी बोला. मुखत्यारपत्र स्वतः दलालाच्या नावावर असेल तर व्यवहार सोडलेला बरा. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर 'घर घेतलं' असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ते स्पष्ट केलं आहे.

अनुभवी दलाल यासाठी चवथीची वाट बघतो. चतुर्थीला सगळी भावंडं घरी येतात, ख्रिस्ती घरांत नाताळला किंवा गावच्या फेस्ताला. त्या आठवड्यात जे जमतं ते वर्षभर फोनवर जमत नाही. बिघडतंही त्याच आठवड्यात, हा भाग वेगळा.

झोन आणि कोमुनिदाद

प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये जागा सेटलमेंटमध्ये (वस्तीच्या झोनमध्ये) आहे का, ऑर्चर्डमध्ये (बागायतीच्या), की नैसर्गिक आच्छादनात? नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला घ्या. शहर भागात बाह्यविकास आराखडा बघा, किनाऱ्याला आणि खाडीला सीआरझेड, म्हणजे किनारी बांधकामाचे निर्बंध. सेटलमेंटमध्ये असली तरी बांधायला महसूल संहितेखालची सनद (बिगरशेती वापराची परवानगी) लागते. आणि मोठ्या जागेतला तुकडा घेत असाल तर उपविभागणी मंजूर आहे का ते विचारा. नसेल तर नोंदणीच्या टेबलावरच नगरनियोजनाचं ना हरकत मागतील.

"आता ऑर्चर्ड आहे, पण झोन करून देतो, फाइल वर आहे" हे गोव्यातल्या दलालीतलं सध्याचं सर्वांत महाग वाक्य. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली एकेक भूखंडाचे झोन बदलण्याचे जे नियम होते ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं मार्च २०२५ मध्ये रद्द केले. ज्यांनी उद्याच्या सेटलमेंटचा भाव देऊन आजचं ऑर्चर्ड घेतलं त्यांचा पैसा त्या फाइलींवर अडकला. भाव आजच्या झोनचा द्या. झोन बदलल्यावर वाढीव रक्कम द्यायची असेल तर तसं करारात लिहा. दलालाचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास असेल तर तो मान्य करेल.

कोमुनिदादची जमीन गावकऱ्यांच्या संस्थेची. तिच्यावर घर बांधून राहणारा ती परस्पर विकू शकत नाही. दस्तात कुठंही कोमुनिदाद हा शब्द आला की कोमुनिदादचे कागद आणि परवानगी पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नका. आणि परदेशी पासपोर्ट घेतलेल्या गोंयकारांनी लक्षात ठेवावं: ओसीआय कार्डावर घर किंवा फ्लॅट घेता येतो, शेतजमीन, बागायत किंवा फार्म हाउस विकत घेता येत नाही.

सहावं: टोकन आणि करार

टोकन मालकाच्या खात्यात, दलालाच्या नाही. रोख तर नाहीच: स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं आयकर कायद्यानं बंद आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा. टोकनची रक्कम लहान ठेवा आणि पावतीत तीन गोष्टी घ्या: कागद तपासायला किती दिवस, मालकीत दोष निघाल्यास पूर्ण परतावा, आणि तोवर दुसऱ्याला न विकण्याची हमी. "उद्या दुसरी पार्टी येतेय" हे दलाल म्हणणारच, त्याच्या पोटापाण्याचं वाक्य आहे ते.

मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. एक मराठी दैनिक, एक इंग्रजी. गोव्यात विसरलेला चुलतभाऊ नोटीस वाचूनच उगवतो, आणि तो विक्रीखतानंतर उगवण्यापेक्षा आता उगवलेला परवडतो. हरकतीची मुदत संपली की विक्रीचा करार नोंदवून घ्या.

किंमत ५० लाख किंवा वर असेल तर खरीददारानं १ टक्का टीडीएस कापून भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर गणित पूर्ण बदलतं: रक्कम कितीही असो, टीडीएस लागतो आणि दर खूप जास्त असतो. दहा वारसांपैकी दोघे परदेशात असतील तर त्यांच्या वाट्यापुरता वेगळा हिशेब. हे सीएकडून आधीच करून घ्या. दलाल इथं "एक पर्सेंट कापा, चालतं" म्हणतो आणि नोटीस तुम्हाला येते.

विकत असाल तर

घर बाजारात आणण्याआधी घरातली माणसं एका बाजूला आणा. दलालाला भाव सांगण्यापूर्वी सगळ्या सहमालकांची लेखी संमती घ्या, नाहीतर दलाल प्रत्येकाला वेगळा आकडा सांगून आपापसात लावून देतो. काही जण हे मुद्दाम करतात, काहींच्या हातून होतं.

भाव ठरवताना 'ओव्हर'ची बोली नाकारा. ओव्हर म्हणजे "तुम्हाला हातात एवढे, वरचे माझे." ऐकायला सोपं, पण मग खरा भाव तुम्हाला कधीच कळत नाही. वरचा फरक रोखीत फिरतो, आणि दस्तावर खरी किंमत लिहायची वेळ आली की भांडण तुमच्या दारात येतं. टक्केवारीच ठेवा. मोपा विमानतळावर जानेवारी २०२३ मध्ये विमानं उतरू लागली तसे पेडण्यातले आकडे रोज बदलले, तेव्हा ओव्हरवाल्यांचं चांगलं फावलं. भाव कळण्यासाठी सब-रजिस्ट्रारकडे अलीकडे नोंदलेली शेजारची विक्रीखतं बघा, जाहिरातीतले आकडे नकोत.

एकालाच हक्क द्यावा की चौघांना? माझं मत: एकाला, पण तीन महिन्यांपुरता, लेखी. त्याला जाहिरातीवर खर्च करावासा वाटतो आणि तुमच्या घराचा फोटो रस्त्यावर येत नाही. मूळ दस्त त्याच्या हाती देऊ नका, झेरॉक्सवर 'फक्त पाहणीसाठी' लिहून द्या. कोऱ्या कागदावर सही नाही. किल्ली दिलीत तर कोणाला केव्हा दाखवलं याची नोंद मागा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या घरांच्या मालकांना हे विशेष सांगायचं आहे.

तंटा झालाच तर

रेरा प्रकल्पातल्या एजंटविरुद्ध गोवा रेराकडे तक्रार करता येते. कलम ३१ मध्ये बिल्डरसोबत एजंटही आहे. खोटी माहिती दिली, कागद लपवले, असं काही असेल तर त्याचे मेसेज आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा. पुनर्विक्रीत, पैसे घेऊन सेवा दिली या मुद्द्यावर ग्राहक आयोग आहे, आणि तिथं दलालीचं पत्र व बँकेतून दिलेले पैसेच उपयोगी पडतात. बनावट दस्त असेल तर वाटाघाटी करत बसू नका, थेट पोलिसांत जा.

रजिस्ट्री आणि तिच्यानंतर

तारखेच्या आदल्या दिवशी दलालानं प्रत्येक सही करणाऱ्याला फोन केलेला असावा: आधार, पॅन, फोटो, साक्षीदार. मुद्रांक आणि नोंदणी शुल्क किमतीच्या टप्प्यांप्रमाणे चढतं, ते वकिलाकडून मोजून आधीच भरा. त्या दिवशी आजारी मावशीला म्हापशाच्या कचेरीपर्यंत आणणं, रांगेत तिला खुर्ची मिळवणं, ऐनवेळी रुसलेल्या जावयाला बाहेर चहाला नेऊन परत आणणं हे सगळं दलाल करतो, आणि इमानदारीनं करतो. दलालीचा मोठा चेक त्याला तिथंच द्या, टाळाटाळ नको.

शेवटचा हिस्सा मात्र राखून ठेवा. विक्रीखतानंतर म्युटेशन मामलेदाराकडे, शहरात सिटी सर्व्हेकडे. नोटिसा निघतात, हरकतीची मुदत जाते, आणि गोव्याबाहेरच्या खरीददाराचा अर्ज तिथं महिनोन् महिने पडून राहतो, कारण पाठपुरावा करायला कोणी नसतं. राखलेला चेक असला की दलाल कचेरीत स्वतःहून जातो. नव्या एक-चौदावर तुमचं आणि तुमच्या जोडीदाराचं नाव बरोबर छापलेलं दिसलं, पंचायतीत घरपट्टी बदलली, वीज आणि पाण्याची बिलं नव्या नावानं आली, की तो चेक देऊन टाका.